क्रेपिटेशन्स : एका शब्दाचे मूळ आणि माझी एक चूक

छातीला नळी लावावी, कानाला तडतड जाणवावी आणि केसपेपरवर ‘क्रेप्स’ असे लिहून मोकळे व्हावे, हा आपणा वैद्यक व्यावसायिकांचा नित्यक्रम. हा शब्द आला कोठून, असा विचार माझ्या मनात पुष्कळ वर्षे आला नाही. तो येण्यास एक चूक कारणीभूत झाली, आणि ती माझीच होती.

सौंसरजवळच्या खेड्यातील एका वृद्ध गृहस्थांना न्यूमोनिया झाला होता. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी क्रेपिटेशन्स स्पष्ट होती. मुलाला समजावे म्हणून मी मराठीत सांगितले, “वडिलांच्या छातीत घरघर आहे.” तासाभराने पाहतो तो दाराशी जीप उभी! मुलगा हात जोडून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, घरघर लागली म्हणता, तं बाबाले घरीच नेतो जी. आपल्या घरात जीव जाऊ द्या.” मी ‘आहे’ म्हटले होते, त्याने ‘लागली’ ऐकले होते. बऱ्या होणाऱ्या रुग्णाला मी एका शब्दाने मरणपंथास लावले होते. समजूत घालून त्यांना थांबविले. आठव्या दिवशी बाबा आपल्या पायांनी घरी गेले.

पुढे वाचनात आले की, हीच अडचण स्टेथोस्कोपचे जनक लाएनेक यांनाही आली होती. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात त्यांनी कागदाची सुरळी करून छाती ऐकली आणि १८१९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. श्वासाबरोबर येणाऱ्या सर्व जादा आवाजांना त्यांनी ‘राल’ हा फ्रेंच शब्द वापरला. परंतु फ्रेंच माणसाला ‘राल’ म्हणताच मृत्युसमयीची घरघर आठवे. म्हणून रुग्णासमोर ते त्याच अर्थाने ‘राँकस’ हा लॅटिन शब्द उच्चारीत. त्याचे मूळ ग्रीक, अर्थ घोरणे. पुढे इंग्रजी लेखकांनी या दोन समानार्थी शब्दांना वेगवेगळे अर्थ चिकटविले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गोंधळल्या. रुग्णाविषयीच्या करुणेतून परिभाषेत घोटाळा व्हावा, हेही नवलच!

आता क्रेपिटेशन. लॅटिनमध्ये ‘क्रेपारे’ म्हणजे तडकणे, खडखडणे; त्याचेच पौनःपुन्यदर्शक रूप ‘क्रेपितारे’, म्हणजे तडतड करीत राहणे. वेगळ्या सुरात वाजणे ते ‘डिस्क्रेपन्सी’. आमचे हिशेबनीस हा शब्द रोज वापरतात, पण त्यातला बेसूर त्यांना ऐकू येत नसावा. जराजर्जर माणसाला लावले जाणारे ‘डिक्रेपिट’ हे विशेषणही याच घरचे. झिजलेल्या गुडघ्याची करकर आणि त्वचेखाली हवा शिरल्यावर बोटांना लागणारी चरचर यांनाही आपण क्रेपिटस म्हणतो. इंग्रजीतला साधा ‘रॅटल’ मात्र लॅटिन नव्हे. तो डच व जर्मन शब्दांचा भाऊबंद असून बहुधा आवाजावरूनच घडला आहे, आपल्या खुळखुळ्यासारखा.

लाएनेक यांनी या बारीक आवाजाला तापल्या भांड्यात तडतडणाऱ्या मिठाची उपमा दिली. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकणाऱ्या आपल्या आजीला ती समजावून सांगावी लागली नसती. आवाज कफाच्या बुडबुड्यांचा, असे दीर्घकाळ मानले गेले. मिटलेल्या सूक्ष्म श्वासनलिका श्वास घेताना एकाएकी उघडतात त्याचा तो आवाज, असे विवेचन फोर्गाक्स यांनी १९६७ मध्ये केले. १९७७ पासून अमेरिकेतील तज्ज्ञांनी राल व क्रेपिटेशन सोडून ‘क्रॅकल’ हा सुटसुटीत शब्द सुचविला. आमच्या केसपेपरवर मात्र क्रेप्सच नांदतात.

आपल्याकडेही शब्दांची उणीव नाही. चरकसंहितेत तमकश्वासाच्या वर्णनात ‘घुर्घुरक’ आहे. पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी कागद येथे हिंदीत, पण दुखणे सांगितले जाते वऱ्हाडी वळणाच्या मराठीत. आई म्हणते, “पोट्ट्याची छाती घरघर करते जी.” तेव्हा तिला मरण अभिप्रेत नसते, कधी ती दम्याची शीळ असते, कधी नुसते चोंदलेले नाक. म्हणून मी आधी बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजतो. दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाचा संशय धरावा लागतो, मग छातीत काही वाजो वा न वाजो.

वृद्धांच्या नातेवाइकांना मात्र मी आता ‘घरघर’ म्हणत नाही. “फुप्फुसाच्या खालच्या भागात सूज आहे, तिथे तडतड वाजते, औषधाने उतरेल,” एवढेच सांगतो, आणि त्यांनी काय ऐकले ते त्यांच्याच तोंडून पुन्हा वदवून घेतो.