रोकफोर : नाव सांभाळणारं गाव

ताईंनो, मागे एका गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मसाला आपण कुटायचा आणि पाकिटावर नाव व्यापाऱ्याचं. मग आपलं काय राहिलं?" त्यावर मला लगेच काही सुचलं नाही. घरी येताना मात्र शिकत असताना वाचलेलं एक गाव आठवलं. म्हणून या वेळचा पाठ त्या गावाचा.

गावाचं नाव रोकफोर. फ्रान्स देशाच्या दक्षिणेला आव्हेरों नावाचा जिल्हा आहे, तिथे डोंगराच्या उतारावर ते वसलंय. वस्ती पाचशे-सहाशे माणसांची, म्हणजे आपल्याकडची एखादी वाडीच. पण या नावाचं चीज जगभर विकलं जातं.

आजूबाजूचा मुलूख चुनखडीच्या उंच पठारांचा. पाऊस पडतो, पण पाणी दगडात मुरून जातं. माती थोडी, गवत आखूड. अशा रानात मेंढीच टिकते. मेंढीचं दूध म्हटलं की आपण तोंड वाकडं करू, पण तिथे सगळा संसार त्याच्यावर उभा आहे. लाकोन नावाची तिथली जात दुधासाठीच पाळतात. थंडीत मेंढ्या वितात, कोकरं तुटली की सकाळ-संध्याकाळ धारा सुरू होतात त्या उन्हाळ्यापर्यंत. नंतर मेंढ्या आटतात.

आता खरी गंमत डोंगराची. गावाच्या डोक्यावर कोंबालू नावाचा डोंगर आहे. फार पूर्वी त्याचा कडा ढासळला आणि दगडांच्या ढिगाऱ्यात लांबच लांब भेगा राहिल्या. त्यांना तिथे 'फ्लरीन' म्हणतात. या भेगांतून थंड, ओलसर हवा आतल्या गुहांमध्ये खेळत राहते. बाहेर कितीही ऊन असो, आत ८ ते १२ अंश. वीज नाही, यंत्र नाही, डोंगरच फ्रिज झालाय.

त्या हवेत एक निळसर-हिरवी बुरशी वाढते. पूर्वापार पद्धत अशी, की राईच्या पिठाचे मोठे पाव भाजून गुहेत ठेवायचे, बुरशी धरली की वाळवून तिची पूड करायची. साकळलेल्या दुधात ही पूड घालून चीजचे गोल पेढे करतात. पेढे म्हणजे अडीच-तीन किलोचे बरं का! एकाला सुमारे १२ लिटर दूध लागतं. मग मीठ चोळायचं, बुरशीला हवा मिळावी म्हणून सुयांनी भोकं पाडायची आणि गुहेतल्या ओक लाकडाच्या फळ्यांवर मुरवायला ठेवायचं. सगळं मिळून निदान ९० दिवस. (आपल्या घरच्या बुरशी आलेल्या भाकरीवर हा प्रयोग करू नका. प्रत्येक बुरशी खाण्याजोगी नसते.)

गुहेतली ही कामं पिढ्यान् पिढ्या बायकांनी केली. गुहांना तिथल्या बोलीत 'कबान' म्हणत, म्हणून या बायका 'कबानिएर'. आसपासच्या गावांतून हंगामाला यायच्या. थंडीत, ओलीत, दिव्याच्या उजेडात मीठ चोळायचं, पेढे उलटायचे, खरवडायचे. दुकानातल्या पाकिटावर त्यांचं नाव कधी आलं नाही, हे मला वाचताना टोचलं.

नाव गावाचं मात्र राहिलं, आणि ते आपोआप राहिलं नाही. १४११ साली सहाव्या चार्ल्स राजाने हे चीज मुरवण्याचा हक्क फक्त रोकफोरच्या लोकांना दिला. १६६६ मध्ये तुलूझच्या न्यायसभेने नकली माल रोकफोर म्हणून विकणाऱ्याला दंड ठरवला. म्हणजे नकलेचा त्रास साडेतीनशे वर्षांपूर्वीही होताच! १९२५ मध्ये फ्रान्सने खास कायदा केला. आजचा नियम असा: दूध ठरलेल्या भागातल्या मेंढ्यांचंच आणि न तापवलेलं, मुरवणं कोंबालूच्याच गुहांत. तसं नसेल तर रोकफोर म्हणता येत नाही. आपल्याकडे आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला, कोल्हापूरच्या गुळाला जे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते याच जातीचं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती १९३० ची गोष्ट. त्या साली दूध घालणारे मेंढपाळ आणि चीज करणारे कारखानदार यांचा एक महासंघ झाला. दुधाच्या भावाची बोलणी समोरासमोर बसून होऊ लागली. खऱ्या मालावर लाल मेंढीचा शिक्का बसू लागला. भांडणं मिटली असं नाही. आज तिथे सातच उत्पादक उरलेत आणि त्यातला सर्वांत मोठा एका बड्या दूध कंपनीच्या मालकीचा आहे. पण मेंढपाळाला बसायला खुर्ची आहे.

रान वाचवायलाही हे लोक उभे राहिले. शेजारच्या लार्झाक पठारावर १९७१ मध्ये सरकारने लष्करी तळ ३ हजार हेक्टरवरून १७ हजारांवर न्यायचं ठरवलं. १०३ शेतकऱ्यांनी जमीन विकणार नाही अशी शपथ घेतली. १९७२ मध्ये त्यांनी मेंढ्या थेट पॅरिसला आयफेल टॉवरखाली नेऊन सोडल्या. त्यांच्यासाठी उपास केला तो लांझा देल वास्तो यांनी. हे गृहस्थ १९३७ च्या सुमारास वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेलेले, गांधीजींनी त्यांना 'शांतिदास' नाव दिलं होतं. लार्झाकचा लढा दहा वर्षं चालला. १९८१ मध्ये सरकार बदललं आणि तळ वाढवण्याचा बेत रद्द झाला. मेंढ्या अजून तिथेच चरतात.

पुढच्या बैठकीला येताना आपला माल ज्या पाकिटात विकला जातो त्याचं एक रिकामं पाकीट प्रत्येक गटाने आणावं. त्यावर गावाचं नाव कुठे आहे, आहे का, ते आधी शोधून ठेवा.