चोंदलेला कार्बोरेटर

होडीच्या मागच्या फळीला शिकंजाने आवळून बसवलेले छोटे यंत्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. वर झाकणाखाली इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा. या यंत्राला आउटबोर्ड मोटर म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड या कारागिराने अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९०९ साली आपली आउटबोर्ड मोटर तयार केली. त्याच्या नावाने निघणाऱ्या मोटरींचे उत्पादन २०२० साली थांबले. तरीही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या टू-स्ट्रोक मोटरी जगभर अजून वापरात आहेत.

अमेरिकेच्या उत्तर भागातील सरोवरे हिवाळ्यात गोठतात. तेव्हा या मोटरी काही महिने कोठारात पडून असतात. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. हंगाम सुरू झाला की मोटर बाहेर काढतात, आणि पुष्कळदा ती रडतखडत चालते. अशा वेळी मिस्त्री प्रथम ठिणगी आणि सिलिंडरातील दाब तपासतो. ते ठीक असले की त्याचा हात कार्बोरेटरकडे वळतो. तो असे का करतो, हे आज आपण समजून घेऊ.

खोलीभर हवा, तीन लिटर पेट्रोल

कार्बोरेटरचे काम एका वाक्यात सांगता येते: हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. आता थोडे गणित करा. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ०.७४ किलोग्रॅम, म्हणून त्यास सुमारे १०.९ किलोग्रॅम हवा हवी. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला सुमारे ९ घनमीटर हवा लागते! तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत मावणारी सगळी हवा केवळ तीन लिटर पेट्रोल जाळण्यात संपून जाईल. एवढ्या हवेत इतकेसे पेट्रोल अचूक मोजून सोडायचे, तेही कोणत्याही विजेच्या उपकरणाशिवाय. ही करामत मुठीत मावेल एवढी धातूची वस्तू करते.

पेट्रोल वर चढते कसे?

कार्बोरेटरमधून जाणारा हवेचा मार्ग मध्येच अरुंद केलेला असतो. नदी अरुंद घळीतून जाताना तिचा वेग वाढतो, तसाच या गळ्यात हवेचा वेग वाढतो. वेग वाढला की त्या जागी दाब कमी होतो. हा नियम डॅनियल बर्नुली याच्या १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाशी जोडलेला आहे. पुढे १७९७ साली जोव्हानी बत्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने निमुळत्या नळ्यांतील प्रवाहावर लिहिले, म्हणून अशा गळ्यास ‘व्हेंचुरी’ म्हणतात.

समजा, हवेचा वेग ३० मीटर प्रतिसेकंदावरून गळ्यात ६० मीटर झाला. मग दाब ½ × १.२ × (६०² − ३०²), म्हणजे १६२० पास्कल इतका घटेल. हवेचा एकूण दाब सुमारे एक लाख पास्कल असतो, त्या मानाने ही घट किरकोळ वाटेल. पण एवढ्या फरकाने पेट्रोलचा सुमारे २२ सेंटीमीटर उंचीचा स्तंभ उचलला जातो! प्रत्यक्षात पेट्रोलला काही मिलिमीटरच चढायचे असते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गळा पेट्रोलला ‘ओढत’ नाही. खालच्या वाटीतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि तोच पेट्रोलला वर ढकलतो. म्हणून त्या वाटीस बाहेरची हवा आत येण्यासाठी बारीक भोक ठेवलेले असते. ते बुजले तर बाकी सारे स्वच्छ असूनही पेट्रोल चढत नाही.

करून पाहा: पेल्यात पाणी घेऊन त्यात एक नळी उभी धरा. तिचे वरचे तोंड पाण्याच्या किंचित वर असू द्या. दुसऱ्या आडव्या नळीने त्या तोंडावरून जोरात फुंका. पाणी चढते आणि त्याचे तुषार उडतात. येथे निमुळता गळा नाही. फुंकलेली हवा नळीच्या कडेवरून वळते, त्यामुळे तोंडाशी दाब कमी होतो. कार्बोरेटरात हेच काम गळा अधिक नेमकेपणाने करतो.

पातळी राखणारा फ्लोट

वाटीतील पेट्रोलची पातळी कायम राहिली नाही तर सारे प्रमाण बिघडेल. त्यासाठी संडासच्या फ्लश टाकीतील युक्तीच येथे वापरतात. पेट्रोलवर एक फ्लोट तरंगतो. पातळी वाढली की तो वर येऊन एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट उघडते. जुन्या मोटरींत हा फ्लोट बुचाच्या लाकडाचा असे आणि त्यावर लेप दिलेला असे. लेप उडाला की बूच पेट्रोल पिऊन जड होते व खोल बसते. मग वाट वेळेवर बंद होत नाही, पातळी चढते आणि इंजिनात पेट्रोलचा पूर येतो. आर्किमिडीजचा सिद्धांत मोटरीत असा भेटतो.

केसभर थर, मोठे नुकसान

पेट्रोल महिनोन् महिने वाटीत राहिले की त्यातील हलके भाग उडून जातात. उरलेल्यांपैकी काही रेणूंत कार्बनचे दुहेरी बंध असतात. त्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, रेणू एकमेकांस जोडले जातात आणि डिंकासारखा चिकट थर बनतो. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. भारतात त्याचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे धातू गंजतो, तसेच जुन्या पद्धतीचे रबर फुगते.

पेट्रोल ज्या बारीक भोकातून मोजून जाते त्यास जेट म्हणतात. समजा, जेटचा व्यास १ मिलिमीटर आहे आणि आतून ०.०५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे केसाएवढा, थर बसला. व्यास ०.९ मिलिमीटर उरला. क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: ०.९ × ०.९ = ०.८१. म्हणजे पेट्रोल सुमारे १९ टक्के घटले! पूर्ण वेगात एका भाग पेट्रोलला १३ भाग हवा मिळत असेल, तर आता ती १६ भाग होईल.

इतर इंजिनांत याने ताकद कमी होईल. टू-स्ट्रोकमध्ये धोका मोठा आहे. येथे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते आणि तेथून सिलिंडरात जाते. त्यामुळे क्रँककेसमध्ये वंगणाचा साठा ठेवता येत नाही. पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळतात. पन्नासास एक या प्रमाणात ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर ऑइल लागते. पेट्रोल १९ टक्के घटले की वंगणही तितकेच घटते. शिवाय जादा पेट्रोलमुळे मिळणारा थंडावा नाहीसा होतो. उष्णता वाढली, वंगण कमी झाले. पिस्टन फुगून सिलिंडरात अडकतो. दोन सिलिंडरांना दोन कार्बोरेटर असतील आणि त्यांतील एकच चोंदला असेल, तर दुसऱ्याच्या जोरावर मोटर चालत राहते व आजारी सिलिंडर गुपचूप जळत राहतो. खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या लाटांत मोटर अशी बंद पडली तर काय होईल, याची कल्पना करा.

यावर मिस्त्रींची एक सोपी परीक्षा आहे. चालत्या मोटरीचा चोक क्षणभर ओढायचा. चोकमुळे हवा कमी व पेट्रोल जास्त होते. त्याने मोटर सुधारली, तर पेट्रोल कमी पडत होते हे निश्चित.

दुरुस्तीचा क्रम

१. मोकळ्या जागी काम करतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचते. एक ठिणगीही पुरते.

२. नळ्या, तारा व दांडे काढण्यापूर्वी त्यांचे चित्र काढतात किंवा फोटो घेतात. प्रत्येक कार्बोरेटरचे भाग वेगळ्या डब्यात ठेवतात.

३. रबराचे, प्लास्टिकचे व बुचाचे भाग काढून मगच धातूचा भाग साफ करण्याच्या द्रावणात बुडवतात. नाहीतर ते भाग खराब होतात.

४. प्रत्येक वाटेतून द्रावण व दाबाची हवा सोडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. जेटमध्ये तार किंवा ड्रिल घालत नाहीत. पितळ मऊ असते आणि ओरखड्याने भोक मोठे होते.

५. पॅकिंग, सुई आणि तिची बैठक नवी घालतात. फ्लोटची उंची मोटरीच्या पुस्तिकेप्रमाणे लावतात. पुष्कळ जुन्या कार्बोरेटरांत, भाग उलटा धरल्यावर फ्लोट पॅकिंगच्या पृष्ठभागाशी समांतर राहिला पाहिजे.

६. एकाहून अधिक कार्बोरेटर असतील तर त्यांची थ्रॉटलची झाकणे एकाच क्षणी उघडतात की नाही, हे पाहतात.

शेवटी मोटर पाण्याच्या पिंपात किंवा होडीवरच चालवतात. कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपातील रबरी चक्र झिजून जाते. बंद खोलीत तर मुळीच चालवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. हे काम तुम्हाला पाहायचे असेल तर जाणत्या माणसासोबतच पाहा.

मग अशा मोटरी मागे का पडल्या? टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येताना जळका वायू बाहेर ढकलते. त्या गडबडीत इंधनाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक न जळताच धुराबरोबर पाण्यात व हवेत जातो. कार्बोरेटर कितीही स्वच्छ केला तरी हा दोष जात नाही. म्हणून नव्या मोटरी बहुधा फोर-स्ट्रोक असतात, आणि त्यांत इंधन मोजण्याचे काम संगणक करतो. पण जुनी मोटर जोवर चालवायची आहे, तोवर ती नीट चालवणे हेच शहाणपणाचे. हंगाम संपताना कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवली, तर वर सांगितलेली पुष्कळशी खटपट वाचते.

विचार करा

१. १.२ मिलिमीटर व्यासाचे जेट तारेने घासून १.२६ मिलिमीटर झाले. पेट्रोल किती टक्के वाढेल?

२. वाटीचे हवेचे भोक बुजले असता मोटर सुरू होऊन थोड्या वेळाने बंद का पडते?

३. समुद्रकिनारी उत्तम चालणारी मोटर हिमालयातील उंच सरोवरावर नेली. मिश्रणात पेट्रोल जास्त होईल की कमी? का?