प्रकाश आणि प्रवाह

नवजात अर्भकाच्या काविळीवर आपण निळा प्रकाश योजतो. प्रवाळाच्या पेशींतील शैवालही प्रामुख्याने निळ्या प्रकाशावरच जगते. खजराना येथील घरी सागरी मत्स्यपेटी आखताना हे स्मरले. परंतु मालवणच्या समुद्रातही आढळणारे कठीण प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत. म्हणून मासे व कृत्रिम खडक यांवरच समाधान मानले. अशा पेटीस सौम्य प्रकाश पुरतो. अधिक दिल्यास शेवाळ माजते. पाण्याच्या प्रवाहात मात्र काटकसर नसावी. २०० लिटर पाण्यास मी ताशी २,००० लिटरचा पंप बसवला. तरीही उन्हाळ्यातील एका रात्री वीज गेली आणि पहाटे दोन मासे दगावलेले दिसले. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. दिवे थांबले तरी चालते. श्वास थांबून चालत नाही. तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप दिव्यांच्या आधी घ्यावा.