शेजार, नियम आणि सवलत : सोलापूरच्या भूवापराचे धडे

सोलापूर शहराच्या पूर्व भागात साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ या वस्त्यांतून जाताना आजही अनेक ठिकाणी यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी घर आणि कारखाना असा भेद कधी मानला नाही. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार आणि माळ्यावर सूत, अशी त्यांच्या घराची रचना असे. माग हाताने चालत होता तोवर या रचनेचा शेजाऱ्यास फारसा उपद्रव नव्हता. मागाला वीज जोडली गेली, एकाचे चार व चाराचे आठ माग झाले, रात्रपाळी सुरू झाली, आणि एका कुटुंबाचा उदरनिर्वाह हा दुसऱ्या कुटुंबाच्या झोपेचा प्रश्न बनला.

कोणत्या जागेचा वापर कशासाठी व्हावा, नेमून दिलेल्या वापराला वा मोजमापाला अपवाद कोणी, केव्हा व किती करावा, आणि त्या निर्णयात शेजाऱ्याला काय स्थान असावे, हे तीन प्रश्न प्रत्येक नगरपालिकेपुढे आणि आता वाढत्या गावांतील ग्रामपंचायतींपुढेही नित्य येतात. त्यांचा अभ्यास करण्यास सोलापूरसारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

वाढते शहर

सोलापूर नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली व गिरण्यांभोवती कामगारांच्या वस्त्या वाढल्या. १ मे १९६४ रोजी नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९२ च्या हद्दवाढीने भोवतालची गावे शहरात आली व महापालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती.

हद्दवाढीने एक वेगळीच परिस्थिती निर्माण केली. काल जेथे शेत होते तेथे गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली. मंजूर अभिन्यासाविना घरे झाली. रस्ते अरुंद राहिले व खुल्या जागा उरल्या नाहीत. अशा वस्त्यांसाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा स्वतंत्र कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत घेण्यात आली. जुन्या पेठांत घर व कारखाना एकत्र आणि नव्या हद्दीत घर आहे पण नकाशा नाही, अशा दुहेरी अडचणीत शहराचे नियोजन चालते.

विभागणी कशासाठी?

भूवापराची विभागणी ही केवळ नकाशावरील रंगांची सोय नव्हे. तिच्यामागे आरोग्याचा, सुरक्षिततेचा व शांततेचा विचार आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी औद्योगिक क्षेत्रात रात्री ७० डेसिबलपर्यंतचा आवाज ग्राह्य धरला आहे, तर निवासी क्षेत्रात ही मर्यादा अवघी ४५ डेसिबल आहे. एकाच भिंतीच्या अलीकडे व पलीकडे हे दोन वापर नांदू लागले तर नियम कोणत्या बाजूचा लावावा, असा पेच पडतो.

सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तीत ८ जण मृत्युमुखी पडले. कारखान्याच्या आवारातच कुटुंबे राहत होती. मृतांत लहान मूलही होते. सूत व कापूस पेट घेण्यास वेळ लागत नाही, आणि झोपेतील माणसाला बाहेर पडण्यास वाट व अवधी दोन्ही लागतात. राहण्याची जागा व ज्वलनशील मालाची जागा यांच्यामध्ये अंतर असावे, हा नियम कागदावर रुक्ष वाटतो. त्याचा अर्थ अशा पहाटे कळतो.

तरीही विभागणी अत्यंत काटेकोर केली तर ती गरिबावर अन्याय करते. घरी राहून कांड्या भरणारी वा विड्या वळणारी स्त्री चार किलोमीटरवरील औद्योगिक वसाहतीत जाऊ शकत नाही. म्हणूनच नियमावलीत निवासी विभागातही अश्वशक्ती, कामगारांची संख्या व जागेचे क्षेत्र यांची मर्यादा घालून ठराविक लहान उद्योगांना मुभा दिलेली असते. घरी चालणाऱ्या उद्योगाला निवासी विभागात थारा आहे, पण त्याने शेजाऱ्याचे घर राहण्याजोगे ठेवले पाहिजे.

तीन भिन्न गोष्टी

या विषयात सर्वाधिक गोंधळ होतो तो तीन भिन्न गोष्टी एक समजल्यामुळे. सवलत, फेरबदल व नियमितीकरण यांचे अधिकारी वेगळे, पद्धती वेगळ्या आणि मर्यादाही वेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट सवलतीची. समजा, एखाद्याचा भूखंड तिरपा आहे. नियमाप्रमाणे बाजूचे सामासिक अंतर सोडले तर राहण्याजोगी खोलीच होत नाही. अशी अडचण खरी आहे व ती मालकाने स्वतः निर्माण केलेली नाही. डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने अशा प्रकरणी प्राधिकरणास मोजमापे शिथिल करण्याचा अधिकार दिला आहे. मात्र अडचण स्पष्टपणे दाखवता आली पाहिजे. इमारतीतील रहिवाशांच्या व शेजाऱ्यांच्या आरोग्यास, तसेच अग्निसुरक्षा, बांधकामाची सुरक्षा व सार्वजनिक सुरक्षा यांना बाध येता कामा नये. रस्त्यापासून सोडावयाचे अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक व वाहनतळ यांबाबत, नियमातच अन्यथा तरतूद नसल्यास, सवलत देता येत नाही. नियमाच्या मजकुरात शेजाऱ्याचा उल्लेख आहे, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट फेरबदलाची. निवासी विभागातील जमीन औद्योगिक करणे किंवा बागेसाठी राखलेला भूखंड वगळणे ही सवलत नव्हे. तो विकास योजनेतील बदल होय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार नियोजन प्राधिकरणाने अशा बदलाची सूचना राजपत्रात व अन्य रीतीने प्रसिद्ध करावी लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, बाधित व्यक्तींना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे लागते आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीसाठी पाठवावा लागतो. बदल योजनेचे मूळ स्वरूप पालटणारा नसावा, ही अटही त्याच कलमात आहे. सभागृहाने एकमताने ठराव केला तरी या पायऱ्या गाळता येत नाहीत.

तिसरी गोष्ट नियमितीकरणाची. बांधकाम आधी व अर्ज नंतर, असा हा क्रम असतो. कायद्याने त्यासाठी काही मार्ग ठेवले आहेत, परंतु तो हक्क नव्हे. जे आधी अर्ज करून मिळाले नसते ते नंतर दंड भरून मिळू लागले, तर नियम पाळणारा शेजारी मूर्ख ठरतो.

चिमणीचा धडा

उशिरा झालेल्या निर्णयाची किंमत काय असते, हे सोलापूरने अनुभवले आहे. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या परिसरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या मार्गातील अडथळा ठरली. चिमणीचे बांधकाम परवानगीविना झाल्याचे महापालिकेने ठरवले. कारखान्याच्या बाजूने सभासद शेतकऱ्यांच्या उसाचा व कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न मांडला गेला, तर दुसऱ्या बाजूने विमानसेवेअभावी शहराचा उद्योग मागे पडत असल्याचे सांगितले गेले. नोटिसा, आंदोलने व न्यायालयीन लढाई यांत वर्षे गेली. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली. त्यानंतर ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली.

या वादात कोण बरोबर व कोण चूक, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय नाही. दोन्ही बाजूंना हजारो माणसांचे हित होते. उंच चिमणी व धावपट्टी एकमेकांजवळ नांदू शकतात काय, हा प्रश्न कागदावर नकाशा असतानाच सुटला असता, तर त्यासाठी एका टेबलाभोवतीची चर्चा पुरेशी झाली असती. बांधकाम उभे राहिल्यावर तोच प्रश्न पोलीस बंदोबस्ताचा झाला. पायाच्या वेळी विचारलेला प्रश्न स्वस्त पडतो, कळसाच्या वेळचा महाग पडतो.

शेजाऱ्याचा अधिकार

शेजाऱ्याचा संबंध काय, असा सवाल पुष्कळदा केला जातो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच दिले आहे. कर्नाटकातील उडुपी येथे निवासी भागात मंगल कार्यालय व व्याख्यानगृह म्हणून मंजुरी मिळालेल्या इमारतीस पुढे चित्रपटगृह करण्याची परवानगी नगरपालिकेने दिली. जवळच राहणाऱ्या नागरिकाने दाद मागितली. नगररचना योजनेविरुद्ध परवानगी देण्याचा अधिकार नगरपालिकेस नाही, आणि अशा बांधकामाने तेथील रहिवाशांच्या घराच्या उपभोगास बाध येत असल्याने त्यांना तक्रारीचा अधिकार आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. १९९१ मध्ये बंगळूर येथील बागेची जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला.

अन्य देशांतही हाच अनुभव आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये भूवापर विभागणीचा सर्वंकष ठराव केला, तेव्हा अपवादात्मक अडचणींचा विचार करण्यासाठी स्वतंत्र मंडळाची सोय त्याच वेळी केली. नियम करणाऱ्यालाच अपवादाची वाट आखून ठेवावी लागते. ती न ठेवल्यास लोक मागच्या दाराने वाट काढतात.

निर्णय कसा घ्यावा?

सवलतीचा अर्ज पुढे आला असता काही प्रश्न क्रमाने विचारणे उपयुक्त ठरते. अडचण जागेची आहे की मालकाच्या सोयीची? ती आधीपासून होती की बांधकामानंतर उद्भवली? मागितलेली सवलत अडचण दूर करण्यास पुरेशी आहे की जास्त? उजेड, वारा, पाण्याचा निचरा, अग्निशमन बंबाची वाट यांवर तिचा काय परिणाम होईल? हीच सवलत त्या गल्लीतील प्रत्येकाने मागितली तर गल्ली राहण्याजोगी उरेल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर पहिल्या अर्जदारासही नकारच द्यावा, हे न्याय्य.

हरकतींची सुनावणी हा उपचार होता कामा नये. नोटीस कार्यालयाच्या फलकावर लावून भागत नाही. ती जागेवरही दिसली पाहिजे. सोलापूरसारख्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच गल्लीत राहतात. नकाशा न समजणाऱ्या माणसाची हरकत मोघम असते, म्हणून ती निराधार ठरत नाही. तसेच प्रत्येक हरकत जनहिताचीच असते असेही नाही; भाऊबंदकी, धंद्यातील स्पर्धा वा एखाद्या समाजाचा शेजार नको असणे हीही हरकतीची कारणे असतात. म्हणून किती सह्या आल्या यापेक्षा कोणते कारण दाखवले, याला महत्त्व द्यावे. निर्णय लेखी व सकारण असावा. यंत्रमागाच्या बाबतीत रात्री माग बंद ठेवणे, मागाखाली कंप शोषणारी बैठक घालणे, सुताच्या साठ्यास मर्यादा व बाहेर पडण्यास दुसरा दरवाजा, अशा अटींनी दोन्ही कुटुंबांचे समाधान होण्याची शक्यता असते. मात्र घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे पुन्हा जाऊन पाहिले पाहिजे.

शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी हा धडा आधीच गिरवणे श्रेयस्कर होय. १९९२ पूर्वी सोलापूरभोवतालची गावे जशी होती, तशी अनेक गावे आज शहरांच्या उंबरठ्यावर उभी आहेत. गावठाणाबाहेर गुंठ्याने होणारी विक्री, ओढ्यावरील भराव, शाळेशेजारी येणारा कारखाना यांची दखल आज घेतली नाही, तर पंधरा वर्षांनी ती सुधारण्यास पैसा व जागा दोन्ही पुरत नाहीत. शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला गावाची विकास योजना वा गावनकाशा विद्यार्थ्यांपुढे उलगडला, बाग कोठे, रस्ता कोठे व ओढा कोठे हे दाखवले, तर हरकत कशी नोंदवावी हे समजणारी पिढी तयार होईल.

साखर पेठेतील मागाचा खडखडाट एकाची भाकरी आहे, आणि भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारे मूल दुसऱ्याची आशा आहे. यांपैकी एकाचेच ऐकून दिलेला निर्णय सोपा असतो, पण तो टिकत नाही. दोघांचेही ऐकून, कारण सांगून व वेळेवर दिलेला निर्णय ज्याच्या विरुद्ध जातो त्यालाही बहुधा मान्य होतो.