सावलीतील रोप उंच का वाढते?

दाट पेरलेल्या ज्वारीची रोपे उंच, पण काटकुळी दिसतात. ही उंची जोमाची नव्हे, उन्हासाठी चाललेल्या झगड्याची खूण होय. शेजारची पाने उन्हातील तांबडे किरण शोषून घेतात; गर्द तांबडे किरण मात्र बव्हंशी सोडून देतात. हा फरक रोपातील ‘फायटोक्रोम’ हे प्रथिन ओळखते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे १९५९ साली त्याचा प्रत्यक्ष शोध लागला. वाढीची जनुके जागविणाऱ्या काही प्रथिनांना फायटोक्रोम उन्हात आवरून धरते. सावलीत ती मोकळी होतात, ‘ऑक्सिन’ हे संप्रेरक वाढते आणि खोड लांबते. अन्न खोडातच खर्ची पडल्याने मुळे व कणसे दुबळी राहतात, पीक लोळते. म्हणूनच वेळेवर विरळणी करणे अगत्याचे आहे.