धक्क्याधक्क्यावर उतरत जा

बेला, जि. आदिलाबाद
12 एप्रिल

चि. छोटीस,

तुझं पत्र पोचलं. मे महिन्यात तुम्ही मैत्रिणी केरळात आलप्पुळ्याला जाणार, एका रात्रीसाठी हाउसबोट घेणार, हे वाचून बरं वाटलं आणि थोडी हळहळही वाटली. एवढा लांबचा प्रवास करून एक दिवस नि एक रात्र गार हवेच्या बंद खोलीत काढणार, काचेतून नारळी बघणार आणि परत येणार. माझं ऐकशील तर हाउसबोटीचे पैसे राखून ठेव आणि तिथली माणसं ज्या बोटीने बाजारहाट करतात, त्या बोटीने हिंड.

हैदराबादहून थेट न जाता आधी दोन दिवस इकडे ये. मग कोरपना, गडचांदूर, राजुरा करत बल्लारशाला सोडायला मी स्वतः येईन. तिथून केरळ एक्सप्रेस धर. रात्र गाडीत जाईल आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोट्टयम येईल. रात्री तिथेच राहा. सकाळी कोडिमता धक्क्यावरून सरकारी जलवाहतूक खात्याची बोट आलप्पुळ्याला निघते. अडीचेक तासांचा रस्ता आहे, आणि तिकीट आपल्या आरटीसीच्या बसला लाजवील इतकं स्वस्त. उन्हाळ्यात कालव्यात जलपर्णी दाटली की बोटीची वाट बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळीच धक्क्यावर विचारून ठेव.

ही बोट म्हणजे पाण्यावरची लाल बसच. दर फर्लांगावर थांबते. कुणी कोंबडीची टोपली घेऊन चढतं, कुणी शाळेचं दप्तर घेऊन. पहिल्या टप्प्यात कालव्यावर पादचारी पूल लागतात. बोट आली की ते उचलतात, ती गेली की खाली सोडतात. पुढे वेंबनाडचं मोठं पाणी उघडतं आणि काठाला कुट्टनाडची शेतं दिसतात. नीट बघ, शेत खाली आणि पाणी वर! समुद्रसपाटीच्याही खाली भात पिकवणारा मुलूख आहे हा. बांध घालायचा, आतलं पाणी उपसून काढायचं, मग पेरायचं. मार्च-एप्रिलात कापणी उरकते, म्हणून तू जाशील तेव्हा मोकळ्या वावरांत बदकांचे कळप सोडलेले असतील.

समुद्राचं खारं पाणी उन्हाळ्यात भातात शिरू नये म्हणून तन्नीरमुक्कमला मोठा बंधारा आहे, 1976 पासूनचा. त्याची दारं डिसेंबरच्या सुमारास लागतात ती पार उन्हाळा सरत आला की उघडतात. भात वाचतं, पण पाणी अडून राहतं, जलपर्णी माजते, मासळीची ये-जा खुंटते. शेतकरी आणि कोळी यांचा त्यावरून जुना वाद आहे. बोटीत शेजारी बसलेल्याला विचारलंस तर तो कुणाच्या बाजूचा ते लगेच कळेल. आणि चहूकडे पाणी असून प्यायला मात्र बोटीने पाणी आणावं लागतं, अशी गावं तिथे आहेत. टँकरची वाट बघणं तू बेल्यात पाहिलं आहेस, तुला ते समजेल.

मी एवढी मागे का लागते, तेही सांगते. आपल्या पैनगंगेचं पाणी वर्धेला मिळतं, मग प्राणहिता, मग गोदावरी. एकोणिसाव्या शतकात याच वाटेने वऱ्हाडचा कापूस बोटींत भरून समुद्रापर्यंत न्यायचा, असं इंग्रजांनी ठरवलं होतं. खडकाळ धारांना वळसा घालायला बांध आणि कालवे सुरूही झाले. दुम्मागुडमचा बांध त्यातलाच. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि 1871 मध्ये ते काम सोडून दिलं. आपल्या पऱ्हाटीच्या मुलखात पाण्यावरून गावोगाव जाणं असं राहूनच गेलं. तिथे ते अजून चालू आहे. तुझ्या आजोबांना डोंग्यातून नदीपल्याड जाण्यापलीकडे नाव ठाऊक नव्हती.

आलप्पुळ्याला पोचलीस की गाव पायी बघ. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अठराव्या शतकात हे बंदर वसवलं, आणि गावातून जाणारे दोन कालवे माल वाहण्यासाठीच खोदले. काठाने काथ्याच्या जुन्या वखारी आहेत. हाउसबोटी मुळात भात वाहणाऱ्या नावा, 'केट्टुवळ्ळम'. फळ्यांना खिळा नाही, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. तसली एखादी दुरुस्तीला काढलेली दिसली तर तास-दोन तास तिथेच थांब, दुसरं काही नाही पाहिलंस तरी चालेल. तिथल्या कोंकणी लोकांच्या देवळाकडे गेलीस तर त्यांची भाषा कानावर पडेल. निम्मं समजेल, उरलेलं हसून विचार.

आता जिवाची गोष्ट. आपलं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. घाम वाळत नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी पी. दुपारनंतर वळवाचे ढग विजा घेऊन येतात, तेव्हा मोठ्या पाण्यावर राहू नकोस. बोटीत गर्दी दिसली तर दुसरीची वाट बघ. मल्याळी महाकवी कुमारन आशान 16 जानेवारी 1924 च्या पहाटे पल्लनाच्या पाण्यात गेले, ते खचाखच भरलेल्या बोटीतूनच. आणि 7 मे 2023 ला, ऐन सुट्टीत, तानूरला सहलीची बोट उलटून 22 जण गेले. मी गेले होते तेव्हा एका खासगी नावाड्याने दिवस मावळल्यावर आम्हाला बसवलं. अंगात लाइफ जाकीट नव्हतं, मांडीवर तुझा तीन वर्षांचा मावसभाऊ होता. नाही म्हणायची भीड वाटली. ती अर्धी रात्र मी अजून विसरले नाही. तू भीड धरू नकोस. जाकीट मागून घे, नाही दिलं तर उतर.

काठावर बायका कपडे धूत, आंघोळ करत असतात. त्यांचं ते अंगण आहे, फोन पिशवीत ठेव.

एक काम सांगते. चनाखा-कोरटा बंधाऱ्याचं पाणी आपल्या बाजूला कालव्याने आणायचं काम तू पाहिलंच आहेस. आपल्या वावराची वाट कालव्याने तुटली तर काय करायचं, हे तुझ्या काकांच्या मनात घोळतं आहे. कोट्टयमजवळचा तो उचलायचा पूल कसा बांधलाय, दोर कुठून ओढतात, तो ओढायला माणूस पगारी आहे की शेजारचंच कुणी घर सोडून येतं, हे बघून घे आणि चित्र काढून पाठव. काकांनी खास सांगितलंय.

तुझी,
मावशी