प्रोषितभर्तृका आणि मुलाखतीची तारीख

संस्कृतच्या तासाला नाट्यशास्त्रातील अष्टनायिका शिकविल्या जात होत्या. वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका असे करीत सर 'प्रोषितभर्तृका' या नावापर्यंत आले आणि त्यांनी फळ्यावर अर्थ लिहिला : जिचा पती कार्यानिमित्त परदेशी गेला आहे अशी स्त्री. शेजारची मैत्रीण कानात पुटपुटली, "म्हणजे तुझी ताईच की गं!" मला हसू आले. मात्र घरी आल्यावर ताई नेहमीसारखी मोबाइलवर तेच एक पान उघडून बसलेली दिसली, आणि मनात आले की या शब्दाची व्याख्या आता थोडी सुधारून घ्यायला हवी. माझे दाजी कार्यानिमित्त परदेशी गेलेले नाहीत. ते तिथलेच नागरिक आहेत. ताईला त्यांच्याकडे जायचे आहे आणि त्यासाठी एका मुलाखतीची तारीख मिळायची आहे.

या तारखेच्या निमित्ताने गेल्या काही महिन्यांत मी कायदे, नियम व न्यायालयांचे निकाल जमेल तसे वाचले. त्याची ही टिपणे आहेत. आमच्या घरची हकीकत अधूनमधून येईल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. तिच्याशिवाय हा विषय मला समजलाच नसता.

प्रथम वाट कशी आहे ते सांगते. अमेरिकन नागरिकाने परदेशी पत्नीसाठी किंवा पतीसाठी आय-१३० नावाचा अर्ज तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे करायचा. तो मंजूर व्हायलाच सहसा वर्षाच्या आसपास किंवा त्याहून अधिक काळ जातो. मग प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे पत्नीने डीएस-२६० हा अर्ज भरायचा, जन्माचा, लग्नाचा व पोलिसांचा दाखला जोडायचा, आणि पतीने आपण हिला पोसू शकतो असे उत्पन्नाच्या पुराव्यासह लिहून द्यायचे. हे सारे पटले की 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' असा शेरा मिळतो. कागद पूर्ण झाले, एवढाच त्याचा अर्थ. ज्या दिवशी तो शेरा आला त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली. आम्हाला वाटले, आता पंधरा दिवसांत बोलावणे येईल. खरी वाट पाहणे त्या दिवशी सुरू झाले.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा, कारण आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांचा यात घोटाळा होतो. रांगा दोन प्रकारच्या आहेत. पती नुसता 'ग्रीन कार्ड'धारक असेल, नागरिक नसेल, तर पत्नीला वर्षाला ठरावीक संख्येतला व्हिसा मिळतो. तिचा नंबर कायद्यानेच मागे ठेवलेला असतो आणि तो किती पुढे सरकला हे दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनवरून कळते. ही रांग २०१९ च्या मध्यापासून जवळजवळ नव्हतीच. एप्रिल २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली. नागरिकाच्या पत्नीला मात्र संख्येची मर्यादा नाही. कायदा म्हणतो, या बाईला थांबविण्याचे कारण नाही. तरीही ती थांबते, कारण मुलाखत घेणारे अधिकारी, खिडक्या आणि दिवस मोजके आहेत. पहिल्या रांगेला निदान बुलेटिन आहे. दुसरीत आपल्यापुढे किती माणसे आहेत हे कोणी सांगत नाही. जी रांग कायद्यानुसार नाहीच, तिच्यातला नंबर कोण सांगणार?

ही रांग फुगली ती कोविडच्या काळात. २० मार्च २०२० रोजी अमेरिकेने जगभरच्या आपल्या वकिलातींतील व्हिसाचे नेहमीचे काम थांबविले. त्यांच्या परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये कागद पूर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणारे अर्जदार दरमहा सरासरी ६०,८६६ होते. २०२२ च्या आरंभी तीच संख्या चार लाखांवर गेली होती. म्हणजे महासाथीपूर्वीही साठ हजार लोक ताटकळत होते आणि त्याला कोणी संकट म्हणत नव्हते.

आमच्याकडच्या अर्जदाराची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते. ही वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीला 'लिंकन हाउस'मध्ये होती. मुळात तो वांकानेरच्या महाराजांचा वाडा. त्या काळी बाहेरच्या पदपथावर माणसे उन्हापावसात उभी असत, असे माझे मामा सांगतात. २०११ च्या अखेरीस कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. आता बोलावल्याखेरीज कोणी जात नाही, रांग घरोघरी मोबाइलमध्ये आहे. सोय झाली हे खरेच. पण पदपथावर उभ्या असलेल्या माणसाला पुढची डोकी मोजता येत होती.

कोल्हापूरकरांनी या विषयात आनंदीबाई जोशी यांची आठवण काढलीच पाहिजे. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते आणि काही काळ त्यांची बदली कोल्हापुरास होती. १८७८ साली पत्नीच्या शिक्षणाविषयी त्यांनी इथल्या अमेरिकन मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार अमेरिकेतील 'मिशनरी रिव्ह्यू' या मासिकात छापला गेला. पुढे न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून पतीशिवाय बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. मागे राहून पत्राची वाट पाहण्याची पाळी इथे नवऱ्यावर आली होती! (आपल्या अष्टनायिकांच्या जोडीला 'प्रोषितपत्नीक' नायक कसा रंगवावा हे भरतमुनींना विचारायला हवे.) ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री-विभागाचे काम देऊ केले; पण त्या आजारी होऊनच परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. आमच्या मुद्द्यापुरती गोष्ट इतकीच की त्यांना समाजाने, पैशाने व प्रकृतीने अडविले, परंतु व्हिसाने अडविले नाही. तो तेव्हा लागतच नव्हता.

दार पुढे बंद झाले. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने आशियाचा जो पट्टा निषिद्ध ठरविला त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने अशा अपात्रांना स्थलांतरित म्हणून येण्यास मज्जाव केला. वकिलातीने आधी व्हिसा द्यावा आणि मगच बोटीत बसावे ही पद्धतही त्याच १९२४ च्या कायद्याने पक्की झाली. कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांच्या बायका गावीच राहिल्या. काहींनी तिकडे मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. गावातल्या बायकांचे काय झाले, यावर मला फारसे लिहिलेले आढळले नाही. १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांचा कोटा मिळाला आणि १९६५ च्या कायद्याने आजची व्यवस्था आली.

वाट पाहायला लावणे हेच धोरण कसे होऊ शकते, याचा धडा इंग्लंडकडून घ्यावा. १९७० च्या दशकात पतीकडे किंवा वाग्दत्त वराकडे जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय उपखंडातील स्त्रियांना प्रवेशपत्रासाठी दीर्घकाळ थांबावे लागे. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती लग्नासाठीच आली आहे का हे ठरविण्यासाठी, कौमार्य-तपासणी करण्यात आली. ही बातमी फुटल्यावर इथल्या संसदेतही संताप व्यक्त झाला. पुढे 'प्रायमरी पर्पज' नावाचा नियम आला : विवाहाचा मुख्य हेतू इंग्लंडात शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेला हेतू सिद्ध कसा करावा? त्यातही ठरवून केलेल्या लग्नात, जिथे मुलामुलींनी एकमेकांना दोनदाच पाहिलेले असते? हा नियम १९९७ साली रद्द झाला. दरम्यान मे १९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, काबालेस व बालकंदाली या तिघींच्या खटल्यात निकाल दिला की, पुरुषांना बायका आणता येतात आणि स्त्रियांना नवरे आणता येत नाहीत हा भेदभाव आहे. सरकारने भेदभाव दूर केला, तो बायका आणण्याच्या अटीही कडक करून! समानतेचा हा प्रकार पाठ्यपुस्तकात यायला हरकत नाही.

पुराव्याचा प्रश्न निघालाच आहे तर आमच्या घरची फजिती सांगते. लग्न खरे आहे हे दाखविण्यासाठी छायाचित्रे, लग्नपत्रिका, दाजी येऊन गेल्याची तिकिटे असे पुष्कळ काही जोडावे लागते, आणि मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर लागते. भाषांतरकाराने पत्रिकेतील 'चि. सौ. कां.' ही अक्षरे ताईच्या नावाचाच भाग समजून जशीच्या तशी उतरविली. पासपोर्टवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव, आधारकार्डावर नवऱ्याचे नाव व सासरचे आडनाव, आणि पत्रिकेत ही तिसरीच बाई! कागद परत आले. दुरुस्त प्रतिज्ञापत्र, नवे भाषांतर, पुन्हा तपासणी, यात दोन महिने गेले. लग्नानंतर मुलीचे नाव बदलणे ही आपल्याकडे घरगुती रीत वाटते. एका व्यक्तीचे एकच नाव असते असे मानणाऱ्या अर्जापुढे ती रीत दोषासारखी उभी राहते. माझ्या मैत्रिणींना एक सांगते : लग्न ठरले तरी पासपोर्टवरचे नाव घाईने बदलू नका, आणि बदललेच तर सर्व कागदांवर एकदमच बदला.

थांबण्यात कागदही नासतात. पोलिसांच्या दाखल्याला मुदत असते. वैद्यकीय तपासणी साधारण सहा महिनेच चालते, म्हणून ती तारीख आल्यावरच मुंबईला जाऊन करायची. मधल्या काळात पत्नीने पर्यटक म्हणून जाऊन यावे म्हटले, तर त्या व्हिसासाठी आपण तिथे राहणार नाही हे पटवावे लागते. आणि कायम राहण्याचा अर्ज तर आधीच दिलेला असतो. या कोंडीवर तोड म्हणून अमेरिकेनेच डिसेंबर २००० मध्ये के-३ नावाचा व्हिसा काढला होता : मुख्य अर्ज चालू असताना पत्नीने तिकडे जाऊन थांबावे. परंतु के-३ चे कामही इतके रेंगाळे की तोवर मुख्य अर्ज मंजूर होई, आणि २०१० पासून असे झाल्यास के-३ चे प्रकरण आपोआप बंद करण्याचा नियम झाला. रांगेवरचा उपाय रांगेतच संपला.

न्यायालयात दाद मागावी, तर विलंबाविरुद्ध काही जण तिकडच्या न्यायालयांत जातात. मागणी एवढीच असते की हो किंवा नाही काय ते ठरवा. पण वकिलातीने 'नाही' म्हटल्यास? २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सँड्रा मुन्योझ या नागरिक स्त्रीच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. तिचा पती एल साल्वाडोरचा. लग्न करण्याचा हक्क आहे. दोघांनी त्या देशात एकत्र राहण्याचा मात्र त्यात येत नाही. दाजींना मी हा निकाल फोनवर सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताईला सांगू नकोस." ताईने तो आधीच वाचला होता.

आता थोडे तिच्याविषयी. कालिदासाच्या यक्षाला शाप एक वर्षाचा होता आणि मेघाला निरोप देताना चार महिने उरले आहेत हे त्याला ठाऊक होते. गाथासप्तशतीतल्या बायका भिंतीवर दिवसांच्या रेघा ओढतात. ताईला किती रेघा ओढायच्या हेच माहीत नाही. त्यामुळे दुःखापेक्षा अडचणच मोठी आहे. बी. एड.ला प्रवेश घ्यावा, तर मध्येच बोलावणे आले तर? शाळेत नोकरी घ्यावी, तर मुलांना वर्षाच्या मध्यात सोडून कसे जायचे? ती सध्या शिकवण्या घेते, कारण त्या कधीही बंद करता येतात. हळदीकुंकवाला गेली की कोणीतरी विचारतेच, "अजून इथंच?" आजी तेवढी वेगळे विचारते, "तारीख दिली न्हाई त्यांनी, मग तू का थांबलीस गं? तुझं काम तू कर की."

हा लेख ताईने वाचला. विरहिणी वगैरे शब्द तिने खोडले आणि समासात एक दुरुस्ती लिहिली, ती इथे देते. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर पत्नीला दोनच वर्षांचे सशर्त कार्ड मिळते, आणि ती मुदत संपण्यापूर्वी दोघांनी मिळून लग्न खरे असल्याचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. ही अट १९८६ च्या कायद्याने आली. दोन वर्षे उलटून गेली असतील तर दहा वर्षांचे कार्ड मिळते, ही खटपट नाही. तिच्या लग्नाला येत्या मार्गशीर्षात दोन वर्षे होतात. "तोवर तारीख नाही आली तरी चालेल," असे तिने पेन्सिलीने लिहिले आहे. पोलिसांच्या दाखल्याची मुदत मात्र त्याआधीच संपते, म्हणून सोमवारी ती पुन्हा अर्ज करणार आहे.